विवर्णतेची आनुवंशिक कारणे

विवर्णता किंवा ॲल्बिनिझम ही जन्मजात अवस्था आहे. तिच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य शरीरात तयारच होत नाही किंवा फार कमी तयार होते. त्यामुळे त्वचा, केस आणि डोळे फिके राहतात व दृष्टी अधू होते. कोडाशी तिची नेहमी गल्लत केली जाते, पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. कोडात असलेल्या रंगपेशी पुढे केव्हातरी नष्ट होतात. विवर्णतेत रंगपेशी जागच्या जागी असतात, संख्येनेही पुरेशा असतात. रंग बनवण्याची त्यांची क्रिया तेवढी कुठेतरी अडलेली असते. ती नेमकी कुठे अडली आहे यावर विवर्णतेचा प्रकार ठरतो. अशा अडथळ्यांशी संबंधित सुमारे वीस जनुके आजवर सापडली आहेत, म्हणून विवर्णता हा एकच विकार न मानता विकारांचा गट मानणे योग्य ठरते.

रंग कसा तयार होतो : रंगपेशींमध्ये मेलॅनोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात आणि मेलॅनिन त्यांच्यात तयार होते. टायरोसीन या ॲमिनो आम्लापासून आधी डोपा, मग डोपाक्विनोन बनते आणि त्यापुढे काळपट-तपकिरी किंवा तांबूस-पिवळे मेलॅनिन. सुरुवातीच्या या पायऱ्या टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर (एन्झाइम) पार पाडते. हे विकर घडणे, योग्य आकार घेऊन मेलॅनोसोमपर्यंत पोहोचणे, तिथली आम्लता त्याला मानवेल इतकीच असणे आणि मुळात मेलॅनोसोमच नीट बांधला जाणे, यांतल्या प्रत्येक गोष्टीमागे वेगळी जनुके आहेत.

एका जनुकाकडून अनेक जनुकांकडे : इंग्रज वैद्य आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ साली चयापचयाच्या जन्मजात दोषांची कल्पना मांडली. त्यांनी दिलेल्या चार उदाहरणांत विवर्णता होती. एखाद्या विकराच्या अभावी रंग बनत नसावा हा त्यांचा तर्क पुढे बराचसा खरा ठरला. मात्र विवर्णतेचे मूळ एकाहून अधिक जनुकांत आहे याचा बोलका पुरावा एका कुटुंबाने दिला. १९५२ साली ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ पॅट्रिक ट्रेव्हर-रोपर यांनी एका दांपत्याची माहिती प्रसिद्ध केली. नवरा-बायको दोघेही विवर्ण, आणि मुले मात्र सामान्य रंगाची. दोघांत एकच जनुक बिघडलेले असते तर असे घडणे शक्य नव्हते. आईचा दोष एका जनुकात आणि वडिलांचा दुसऱ्याच जनुकात असल्यामुळे प्रत्येक मुलाला दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळाली होती, आणि रंग बनायला तेवढी पुरते. आनुवंशशास्त्र समजावून सांगायला याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

त्वचा व डोळे दोन्हींवर परिणाम करणारे प्रकार : यांचे एक ते आठ असे क्रमांक लावलेले आहेत. पहिल्या प्रकारात टीवायआर हे जनुक बिघडते. ते अकराव्या गुणसूत्रावर असून टायरोसिनेज घडवण्याची माहिती त्यात असते. त्यातली शेकडो उत्परिवर्तने माहीत आहेत. विकर पूर्ण निकामी झाले तर केस जन्मापासून पांढरे असतात आणि आयुष्यभर तसेच राहतात. थोडेफार काम चालू राहिले तर वयाबरोबर केसांना पिवळसर किंवा सोनेरी छटा येते. एका विशिष्ट उत्परिवर्तनात विकर शरीराच्या नेहमीच्या तापमानाला टिकत नाही, थंड भागात मात्र काम करते. अशा व्यक्तीचे डोक्यावरचे व काखेतले केस पांढरे राहतात, हातापायांवरचे केस गडद होतात. सयामी मांजराचे कान, पंजे आणि शेपटी गडद असतात ती याच जनुकातल्या अशाच बदलामुळे.

दुसऱ्या प्रकाराचे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे नाव ओसीए२ असेच आहे. त्याच्यापासून बनणारे प्रथिन मेलॅनोसोमच्या आतली आम्लता आटोक्यात ठेवते. ते नसले तर टायरोसिनेज धडधाकट असूनही काम करू शकत नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हा प्रकार सर्वाधिक आढळतो, आणि तिथल्या अनेक देशांतल्या रुग्णांत या जनुकाचा सुमारे २,७०० बेसजोड्यांचा एकच तुकडा गळालेला दिसतो. यावरून हा बदल एका सामाईक पूर्वजापासून पसरला असे मानले जाते. टांझानियात विवर्णतेचे प्रमाण सुमारे १,४०० लोकांमागे एक इतके आहे; युरोप व उत्तर अमेरिकेत ते १७,००० ते २०,००० लोकांमागे एक असे धरतात. प्राडर-विली किंवा एंजलमन या जन्मजात संलक्षणांत (सिंड्रोममध्ये) पंधराव्या गुणसूत्राचा हाच भाग एका प्रतीतून गळतो, तेव्हा त्या मुलांचा रंग घरच्यांपेक्षा उजळ असतो.

तिसरा प्रकार टीवायआरपी१ या जनुकामुळे होतो. त्यात त्वचा तांबूस-तपकिरी व केस लालसर दिसतात. तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत नोंदवला गेला. चौथा एसएलसी४५ए२ मुळे होतो आणि जपानमध्ये बऱ्यापैकी आढळतो. उरलेले प्रकार दुर्मीळ आहेत. आठव्या प्रकाराचे डीसीटी हे जनुक तर २०२१ मध्ये ओळखले गेले. केसांचा रंग पाहून प्रकार ओळखण्याचा मोह टाळलेलाच बरा, कारण पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या प्रकारांच्या छटा एकमेकींत सहज मिसळतात.

डोळ्यांचा प्रश्न : त्वचेचा रंग आधी नजरेत भरतो, पण रोजच्या जगण्यात सर्वाधिक अडचण डोळ्यांची असते. गर्भात डोळा घडताना दृक्‌पटलामागच्या थरात मेलॅनिन नसले, तर स्पष्ट दृष्टीचा मध्यबिंदू पूर्ण विकसित होत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृक्‌चेतेतले नेहमीपेक्षा जास्त तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात. त्यातून बुबुळांची सतत हालचाल, तिरळेपणा, उजेड सहन न होणे आणि खोलीचा अंदाज चुकणे या तक्रारी उद्‌भवतात. दोष चष्म्याच्या नंबरापुरता नसल्याने चष्म्याने तो पूर्ण भरून निघत नाही. शाळेत असे मूल फळ्यावरचे वाचू शकत नसेल तर ते आळशी नसते, हे शिक्षकांना माहीत असायलाच हवे.

वारसा : बहुतेक प्रकार अप्रभावी (रिसेसिव्ह) असतात. आई व वडील दोघांकडून त्याच जनुकाची सदोष प्रत आली तरच मूल विवर्ण होते. एकच सदोष प्रत असलेली व्यक्ती वाहक असते आणि तिच्यात काहीही दिसून येत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल विवर्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. विवर्णता २०,००० मध्ये एक असली, तरी गणिताने वाहकांचे प्रमाण साधारण ७० माणसांत एक इतके निघते. म्हणूनच घराण्यात कधीही न दिसलेली विवर्णता अचानक प्रकट होते. जवळच्या नात्यात विवाह झाल्यास ही शक्यता वाढते. गरोदरपणी आईने काय खाल्ले, काय पाहिले याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि वडिलांचा वाटा आईइतकाच असतो.

फक्त डोळ्यांवर परिणाम करणारी विवर्णता वेगळ्या मार्गाने उतरते. तिचे जीपीआर१४३ हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून ती प्रामुख्याने पुरुषांत दिसते. वाहक स्त्रियांची दृष्टी बहुधा चांगली असते, पण त्यांच्या दृक्‌पटलावर रंगीत व फिक्या ठिपक्यांची सरमिसळ दिसते. प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असल्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.

इतर अवयवांना ग्रासणारे प्रकार : १९५९ मध्ये हरमान्स्की आणि पुडलाक या चेक डॉक्टरांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या दोन विवर्ण रुग्णांचे वर्णन केले. या संलक्षणात मेलॅनोसोमबरोबर रक्तबिंबिकांमधल्या (प्लेटलेटमधल्या) कणिकांचीही बांधणी बिघडते. काही उपप्रकारांत पुढे फुप्फुसे घट्ट व निबर होतात. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाच्या वायव्य भागात हे संलक्षण सुमारे १,८०० लोकांमागे एकाला असते. चेडियाक-हिगाशी संलक्षणात एलवायएसटी जनुकाच्या बिघाडामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो. विवर्ण मुलाला सहज काळेनिळे डाग पडत असतील किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर कोणत्याही शस्त्रक्रियेआधी, अगदी दात काढण्याआधीही, रक्तबिंबिकांची तपासणी व्हायला हवी.

निदान : पूर्वी केसाचे मूळ टायरोसीनच्या द्रावणात ठेवून ते काळे पडते का हे पाहत. आता संबंधित सर्व जनुकांची एकत्र तपासणी होते. तरीही बऱ्याच रुग्णांत टीवायआरची एकच सदोष प्रत सापडे आणि दुसऱ्या प्रतीत काही मिळत नसे. यातल्या अनेकांचे उत्तर गेल्या काही वर्षांत हाती आले. या जनुकातले दोन बदल निरोगी माणसांतही सर्रास आढळतात व एकेकटे असताना निरुपद्रवी भासतात. ते दोन्ही एकाच प्रतीवर एकत्र आले आणि समोरची प्रत गंभीररीत्या सदोष असली, तर सौम्य विवर्णता होते.