न्यायनिर्णयाची सुबोधता

वाद कशाचा होता, काय ठरले आणि कोणत्या कारणांनी ठरले, हे पक्षकाराला व अपील न्यायालयाला निकालपत्र वाचून समजणे, म्हणजे न्यायनिर्णयाची सुबोधता. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील व्याख्येनुसार हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) किंवा आदेशाच्या कारणांचे न्यायाधीशाने केलेले निवेदन म्हणजे न्यायनिर्णय. त्यामुळे केवळ ‘दावा मंजूर’ एवढे लिहून भागत नाही.

निर्णय लेखी देण्याची प्रथा जुनी आहे. बृहस्पती, कात्यायन आदी स्मृतिकारांनी जिंकणाऱ्या पक्षाला द्यायच्या ‘जयपत्रा’त पूर्वपक्ष, उत्तर, क्रिया (पुरावा) व निर्णय हे घटक अपेक्षिले आहेत. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी कात्यायनाचा काळ स्थूलमानाने इ. स. ४०० ते ६०० मानला आहे. व्यवहाराचे (खटल्याचे) हे चारही पाद, म्हणजे टप्पे, पूर्ण झाल्यावर दिलेल्या पत्राला कात्यायन ‘पश्चात्कार’ म्हणतो. प्रतिपक्ष आपल्याच दोषाने हरला असता जे दिले जाते ते नुसते जयपत्र. हा भेद प्रत्यक्षात कितपत पाळला जाई, हा प्रश्न वेगळा.

मराठेशाहीत महजर (सभेपुढे चाललेल्या वादाचा लेखी कागद) व निवाडपत्र आढळतात. गोतसभेचा (गावकरी व वतनदारांच्या न्यायसभेचा) महजर हा निर्णय मानावा की निर्णयाची साक्षीपत्रिका, याविषयी मतभेद संभवतो. उपस्थितांची नावे व निशाण्या पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. महजरात आधी हाजिर मजालशीची (उपस्थित सभासदांची) यादी, मग दोन्ही बाजूंच्या तकरिरी (लेखी कैफियती), पुरावा व शेवटी निवाडा. तळाशी सहीऐवजी पाटलाची नांगराची निशाणी. हरलेल्याकडून यजितखत (हार मान्य केल्याचा कागद) लिहून घेत. वतनाच्या (वंशपरंपरागत हक्काच्या) वादात पिढ्यापिढ्यांचा करीना (हकिकत) इतका लांबतो, की निवाडा शेवटच्या चार-दोन ओळींत शोधावा लागतो.

आजचा साचा मात्र इंग्रजी अमदानीतील संहितांचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ४ नुसार न्यायनिर्णयात प्रकरणाचे संक्षिप्त कथन, निर्णयार्थ मुद्दे, त्यांवरील निर्णय व कारणे हवीत; लघुवाद (लहान रकमेच्या दाव्यांच्या) न्यायालयाला मुद्दे व निर्णय पुरतात. फौजदारी बाजूस अशीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३९३ मध्ये आहे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५४). हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल अर्थबोध होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द करून फेरविचारार्थ परत पाठवला. पुढे स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध अजय कुमार सूद (२०२२) या प्रकरणात, त्याच उच्च न्यायालयाच्या निकालासंदर्भात, परिच्छेदांना क्रमांक देणे, लांब निकालाला अनुक्रमणी जोडणे, तसेच मुद्दा, नियम, त्याचा वापर व निष्कर्ष हा क्रम, अशी मार्गदर्शक पद्धत सुचवली गेली. लांबी हा स्वतंत्र दोष नव्हे. उतारेच्या उतारे उद्धृत करून त्यांतून काय घेतले हे न सांगणे, हा खरा दोष.

महाराष्ट्रात २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही दुय्यम न्यायालयांची भाषा झाली. उच्च न्यायालयाचे निकाल संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजीतच असतात. मराठी निकालपत्रात डावीकडे ‘मुद्दे’, उजवीकडे ‘निष्कर्ष’ असा तक्ता येतो. पक्षकार अडखळतो तो बहुधा इथेच: ‘दावा मुदतीत नाही, असे प्रतिवादी सिद्ध करतात काय?’ यापुढे फक्त ‘नकारार्थी’ लिहिलेले असते, आणि दावा मुदतीत आहे, हा अर्थ त्याला वकिलाकडून काढून घ्यावा लागतो.