पॉइंट बावीस आणि पॉइंट बत्तीस: दिसायला सारखी, हातात निराळी

आपल्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर पॉइंट बत्तीसचंच, म्हणजे साधारण ०.३२ इंच जाडीच्या गोळीचं, येतं. एखाद्याने पॉइंट बावीसचं नाव काढलं की ऐकायला मिळतं, "तेच ते, फक्त गोळी बारीक." काही जण तर त्याला बायका-पोरांचं हत्यार म्हणून बाजूला सारतात. मला हे पटत नाही. दोन्हींना फिरणारं चक्र आहे, दोन्हींना गोळीच्या बुडावर आपटणारा घोडा आहे, दुरून पाहिलं तर ओळखूही येणार नाहीत. पण गोळी पेटते कशी, हाताला शिकवते काय आणि जपावी लागते कशी, या तिन्ही बाबतींत ती वेगळी आहेत. निव्वळ कागदावर नेम धरण्याचा आनंद हवा असेल तर बावीसचं रिव्हॉल्व्हर हे बत्तीसचं धाकटं भावंड नव्हे, ते त्या कामासाठी सरस हत्यार आहे.

फरक बघायचा तर बंदुकीकडे नको, पुंगळीकडे, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणाऱ्या पितळी नळकांड्याकडे बघा. दोन्हींची एकेक झाडलेली पुंगळी तळहातावर घ्या आणि बूड वर करा. बत्तीसच्या बुडाच्या मधोमध एक छोटी गोल टिकली बसवलेली दिसेल, आणि त्या टिकलीत घोड्याच्या टोकाने पाडलेला खळगा. बावीसच्या बुडावर टिकली नाहीच. सपाट पितळ, कारखान्याचा शिक्का, आणि अगदी कडेला एक चेपलेली खूण, नखाने दाबल्यासारखी. बत्तीसमध्ये पेट घेणारा मसाला त्या टिकलीत असतो, म्हणून ते सेंटरफायर. बावीसमध्ये तो बुडाच्या दुमडलेल्या काठात, आतल्या बाजूने सगळीकडे पसरवलेला असतो. घोड्याने काठ चिरडला की मसाला पेटतो. हे रिमफायर.

या एका गोष्टीतून पुढचं बरंच काही निघतं. काठ चिरडता यावा म्हणून बावीसचं पितळ पातळच ठेवावं लागतं, आणि मोठ्या पुंगळीत असं पातळ पितळ फार दाब सोसत नाही. म्हणून मोठ्या ताकदीची रिमफायर काडतुसं मागे पडली आणि मुख्यतः बारीक बावीस टिकलं. एकदा चेपलेला काठ पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे बावीसची पुंगळी म्हणजे भंगार. बत्तीसची टिकली काढून नवी बसवता येते. परदेशातले नेमबाज तशा पुंगळ्या पुन्हापुन्हा भरून वापरतात.

रिमफायर हा आधुनिक काडतुसाचा मागाहून आलेला स्वस्त अवतार आहे, असाही एक समज आहे. क्रम उलटा आहे. १८५७ साली इकडे शिपायांना चरबी लावलेलं कागदी काडतूस दातांनी फोडायला सांगितलं जात होतं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्यात अखंड धातूचं, बावीसचं रिमफायर काडतूस मागून भरायचं. आज जे बावीस लाँग रायफल काडतूस सगळीकडे चालतं ते १८८७ चं. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आपण वापरतो ते बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग १८९६ चं. म्हणजे वयाने बावीसच थोरलं.

आता ताकद. बावीसची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, बत्तीसची ६.३५ ग्रॅमची. चार इंची नळीतून बावीसची गोळी सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास जाते, बत्तीसची २१५ च्या आसपास. वजन गुणिले वेग केलं तर हाताला बसणारा धक्का बावीसचा जवळपास निम्मा भरतो. गंमत म्हणजे गोळीमागचा दाब मात्र बावीसचाच जास्त असतो. कारखान्यांची कमाल मर्यादा बावीसला चौरस इंचामागे २४,००० पौंड आणि बत्तीसला १५,००० पौंड आहे. बारीक म्हणून नाजूक, हा हिशेब इथे चालत नाही.

धक्का निम्मा झाल्याने काय होतं, हे नेमबाजीच्या रेंजवर पाहण्यासारखं असतं. बत्तीस चालवताना गोळी सुटली की नळी उसळते, आवाज कानाच्या कवचांतूनही छातीत जाणवतो, आणि आपली चूक त्या सगळ्या गडबडीत झाकली जाते. गोळी खाली गेली तर माणूस म्हणतो, "साईट बिघडलीय." बहुतेक वेळा साईट, म्हणजे नेम धरायची खूण, ठीक असते. चाप पूर्ण ओढला जायच्या आधीच हात धक्क्याच्या भीतीने पुढे दाबला जातो आणि नळी खाली झुकते. शरीर हे आपोआप करतं, आणि बत्तीस ते दिसू देत नाही.

बावीसचं रिव्हॉल्व्हर ते उघडं पाडतं, आणि तेही एका साध्या युक्तीने. चक्रातल्या काही घरांत, म्हणजे गोळी बसायच्या भोकांत, जिवंत गोळ्या भरा, मधल्या एक-दोन घरांत झाडलेल्या पुंगळ्या ठेवा. नळी बटाकडेच, म्हणजे निशाण्यामागच्या मातीच्या बांधाकडेच, ठेवून चक्र हळूच फिरवा आणि न बघता बंद करा. आता कुठलं घर येणार ते तुम्हाला ठाऊक नाही. नेम धरा, चाप ओढत जा. जिवंत गोळी असेल तर ठप्प आवाज येईल, कागदाला भोक पडेल. पुंगळी असेल तर फक्त 'खट्'. त्या खट्‌च्या क्षणी पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साईटवर, डोळा ठेवा. माशी जागच्या जागी राहिली तर हात शांत आहे. ती टपकन खाली गेली तर तुमच्या खाली गेलेल्या गोळ्यांचं कारण सापडलं. सोबत कुणी जाणतं उभं असेल तर त्यालाही ते स्पष्ट दिसतं. ही युक्ती बत्तीसमध्येही चालते, पण बावीस स्वस्त असल्याने ती पुन्हा पुन्हा, हाताची खोड मोडेपर्यंत करता येते. माझ्या मते बावीसच्या रिव्हॉल्व्हरचा खरा आनंद इथे आहे. हळूहळू माशी हलायची थांबते, आणि कागदावरची भोकं एकमेकांना चिकटायला लागतात.

चापाच्या बाबतीत मात्र बावीस हट्टी आहे. काठ चिरडायला घोड्याला जोर लागतो, त्यामुळे घोड्याची स्प्रिंग कडक असते आणि घोडा न उचलता नुसता चाप ओढून झाडायचं म्हटलं तर बोट दमतं. बत्तीसची टिकली तुलनेने हलक्या ठोक्यानेही पेटते. म्हणून बावीसवर नेमबाजी करणारे बरेच जण अंगठ्याने घोडा मागे घेऊनच झाडतात. मग चाप हलका आणि तुटक लागतो. दर गोळीआधी अंगठा, श्वास, माशी, चाप, या क्रमामुळे घाई आपोआप कमी होते. चक्रात गोळ्याही जास्त मावतात. बत्तीसच्या चक्राला बहुधा सहा घरं असतात, बावीसची आठ, नऊ, अगदी दहा घरांचीही रिव्हॉल्व्हरं आहेत.

बावीसची आणखी एक खोड म्हणजे न पेटणारी गोळी. काठात मसाला सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि घोडा नेमका रिकाम्या जागी पडला, तर गोळी उडत नाही. बत्तीसमध्ये हे क्वचित होतं. अशा वेळी पुढच्या घरासाठी लगेच चाप ओढू नका. रिव्हॉल्व्हरचा गुणच तो, चाप ओढला की नवी गोळी समोर येते, असं अनेक जण सांगतात. जिवावर बेतलेल्या प्रसंगी ते खरं आहे, रेंजवर नाही. मसाला कधीकधी उशिरा पेटतो, आणि तोवर ते घर नळीसमोरून सरकलेलं असेल तर परिणाम वाईट होतो. नळी निशाण्याकडे ठेवून तीस सेकंद थांबा, मगच चक्र उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका, 'फुस्स' असा आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

रिकामं झाडण्याच्या सरावातही फरक आहे. घरात बसून, गोळ्या नसताना चाप ओढायचा सराव बत्तीसच्या बहुतेक नव्या रिव्हॉल्व्हरवर चालतो. बावीसच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये, विशेषतः जुन्या, घोड्याचं टोक रिकाम्या घराच्या कडेवर आपटतं. कडेला खाच पडते आणि मग गोळी नीट बसत नाही. चक्राच्या घरांत नकली गोळ्या घाला, नाहीतर हा सराव सोडा.

गोव्यात राहणाऱ्याने पावसाचा विचार वेगळा करायला हवा. जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे पोलादाचं काय! किनाऱ्याकडच्या गावांत खारा वारा आणखी भर घालतो. दोन्ही रिव्हॉल्व्हरं चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि निळ्या पॉलिशवर आधी तांबूस ठिपके येतात. तेलाचा पुसट हात, कोरडा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पण तेल लावलेल्या चक्रात गोळ्या ठेवून देऊ नका. बावीसची गोळी पुंगळीत नुसती चिमटून बसवलेली असते, तेल आणि ओल दोन्ही आत शिरू शकतात.

साफसफाईतही बावीस जास्त वेळ मागतं. तिची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वरून मेणासारखं वंगण लावलेली. झाडत गेलं की घरांत काजळी आणि शिसं साचतं, गोळ्या अंगठ्याने दाबून बसवाव्या लागतात, पुंगळ्या निघायला अडतात. ठोकाठोकी नको, ब्रश फिरवा. चक्र आणि नळी यांच्यातल्या फटीतून दोन्ही रिव्हॉल्व्हरांत गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, म्हणून बोटं त्या फटीपाशी नकोत आणि चष्मा हवाच. संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाव-भाजीला हात लावू नका.

बावीसचा आवाज लहान म्हणून लोक निष्काळजी होतात, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ही गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. पडीक चिरेखाण दिसली की काहींना वाटतं, तिन्ही बाजूंना जांभ्याची भिंत आहे, याहून सुरक्षित जागा कुठली? दगडावरून मऊ शिशाची गोळी वाकडी उसळते, पाण्यावरूनही उसळते, आणि खाणीत पावसाचं पाणी साचलेलंच असतं. शिवाय निष्काळजीपणे हत्यार झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गोळीबार रेंजवरच, मागे मातीचा भक्कम बट असेल तिथेच.

कायद्याबद्दलही एक घोटाळा कायम ऐकू येतो, की बावीस लहान म्हणून तिचा परवाना सोपा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी बावीसच्या रायफलीचा वेगळा उल्लेख आहे. पहिली आपल्या बागायतदारांच्या ओळखीची. पण तो उल्लेख रायफलीचा आहे, रिव्हॉल्व्हरचा नाही. रिव्हॉल्व्हर बावीसचं असो वा बत्तीसचं, परवान्याची वाट एकच, आणि गोळ्यांची मर्यादाही परवान्यावर लिहिलेली. परवाना नको असेल तर ४.५ मिलिमीटरपर्यंतची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर पिस्तूल हा खुला मार्ग आहे. नेमाची मुळाक्षरं तिथेही तीच.

दुकानात काडतूस मागताना 'बत्तीस' एवढंच म्हणू नका. बत्तीसच्या पिस्तुलाचं, म्हणजे चक्र नसलेल्या हत्याराचं, काडतूस वेगळं, जास्त दाबाचं. ते काही रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतंही, म्हणून जास्त जपायचं. तसंच बावीस मॅग्नम आणि बावीस लाँग रायफल या काडतुसांची अदलाबदल चालत नाही.

आता निवड. आपल्याच सरकारी कारखान्यांनी एकामागोमाग दोन रिव्हॉल्व्हरं काढली: २०१४ मध्ये बत्तीसचं 'निर्भीक' आणि २०१५ मध्ये बंगालमधल्या ईशापूरहून बावीसचं 'निडर', आठ गोळ्यांचं, वजन अवघं २५० ग्रॅम. दोन्ही जवळ बाळगण्यासाठी आहेत. आखूड नळी, दोन साईटमधलं अंतर थोडं, हलकं वजन, त्यामुळे कागदावर नेम साधायला ती मुळात बेतलेली नाहीत. नेमबाजीच्या आनंदासाठी नळी चार ते सहा इंचांची हवी, वजन मनगटाला जाणवेल एवढं हवं, मागची साईट सरकवता यायला हवी.

आणि पदकाची आस असेल तर दोन्ही रिव्हॉल्व्हरं बाजूला ठेवा. आंबोलीचा घाट चढून गेलं की लागणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण घेतलं ते बावीसच्या पिस्तुलावर, आणि स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य बावीसच्या रायफलीचं. बत्तीसची चपट्या तोंडाची गोळी सेंटरफायरच्या स्पर्धेत आजही मानाने चालते, पण ती स्पर्धा ऑलिंपिकमध्ये नाही. ज्यांच्याकडे आधीच बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी ते विकायची गरज नाही. रेंजवर बावीस मिळत असेल तर सुरुवात तिच्यावर करा, माशी हलायची थांबली की शेवटचं एक चक्र बत्तीसचं झाडा.