तिखट घरी नेल्यानेल्या डब्यात भरू नका

जुलै लागला की आमच्या तिखट-मसाल्याच्या कांडप दुकानात डबे परत यायला लागतात. काकू काउंटरवर डबा ठेवतात, "भाऊ, तुमच्या तिखटाले बुरशी लागली" म्हणतात, आणि मागे लाईनीत उभे असलेले चार जण आमच्याकडे संशयाने पाहतात. म्हणून हे एकदाचं छापूनच टाकलं.

गेल्या वर्षी असाच एक स्टीलचा डबा आला होता. झाकण उलटं करून पाहिलं तर आतून थेंब वाळल्याचे लाल डाग, आणि बरोबर त्याच्याच खाली तिखटाचे गड्डे, वर पांढुरका थर. विचारलं, कधी भरलं होतं? तर म्हणे, इथूनच डबा भरून नेला, घरी गेल्यावर झाकण घट्ट लावलं, हवा जाऊ नये म्हणून. हीच ती चूक. मशीनमधून निघालेलं तिखट चांगलं गरम असतं, त्यात मिरचीचा थोडा ओलावा राहिलेलाच असतो, तो वाफ होऊन झाकणाला लागतो आणि रात्री झाकण थंड झालं की पाणी होऊन परत तिखटावर पडतो. मेमध्ये काही दिसत नाही, पावसाची दमट हवा सुरू झाली की मग तमाशा.

तर घरी गेल्यावर पंखा बंद करा (नाहीतर घरभर शिंका), सुती कापडावर नाहीतर कोऱ्या कागदावर तिखट पातळ पसरवा, सावलीत, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हाताला पूर्ण थंड लागलं की कोरड्या बरणीत दाबून भरा. हळदीचं आणि धने पावडरचंही तेच. आणि बुरशी लागलीच तर वरचं काढून खालचं वापरू नका हो, बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही आणि शिजवूनही जात नाही. जीवावर येते, पण फेकाच.

दुसरं म्हणजे मिरची. देठं काढून, दोन-तीन कडक उन्हं देऊन आणा, हातात घेतली की बिया खुळखुळ वाजल्या पाहिजेत आणि मोडली की कडकन तुटली पाहिजे. वाकली तर आम्ही परत पाठवतो, त्यावरून बरेच जण रागावतात, पण ओली मिरची मशीनला चिकटते, साफ करण्यात अर्धा तास जातो आणि तुमच्या मागच्याचं काम अडते. वजन कमी भरलं म्हणून भांडणारेही आहेत. थोडी घट येतेच, ती तुमच्यासमोर काट्यावर दाखवतो.

भिवापुरी मिरची आहे का, हे रोज विचारतात. भिवापूर आपल्याच नागपूर जिल्ह्यातलं, मिरचीला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव) मिळालं, वायगावच्या हळदीलाही त्याच वर्षी. पण खरा माल थोडा येतो, आला तर सांगू, नसला तर दुसरीच मिरची भिवापुरी म्हणून देणार नाही. रंगाला ब्याडगी आणि झणक्याला तेजा असं मिसळून देतो, सावजी रस्स्याला ते छान जमते. रंगाची शंका असेल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर टाकून पाहा, रंगाच्या रेघा लगेच खाली उतरायला लागल्या तर वरून रंग घातलेला आहे.

काचेची बरणी ओट्यावर खिडकीपाशी शोभून दिसते, पण उजेडाने तिखटाचा रंग उतरतो. तिखटपणा बराचसा राहतो, म्हणून रंग गेला की लगेच भेसळ समजू नका. वर्षाचं तिखट अंधाऱ्या फडताळात ठेवा आणि रोजच्या डब्यात आठवड्यापुरतंच काढा. वाफ निघणाऱ्या कढईवर डबा उघडा धरून चमचा मारायची सवय आमच्या घरीही आहे, सोडवता सोडवता थकलो. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर डब्याचा गारवा आधी जाऊ द्या, मगच उघडा.

सावजी मसाल्यात खोबरं, खसखस असते, तेलामुळे तो लवकर खवट होतो. वर्षभराचा करून ठेवू नका. आम्ही 100 ग्रामचं पाकीट त्यासाठीच काढलं, महालक्ष्म्यांच्या सैपाकात गडबड असते तेव्हा गरम मसाल्याचं पाकीटही कामी येते. धने, जिरे, मिरे मात्र अख्खेच घ्या, टिकतात.

सांबार (कोथिंबीर) न धुता, पिवळी पानं काढून कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. गोडनिंब (कढीपत्ता) वाळवला की वास जातो, फ्रीझरमध्ये बरा राहतो.

आणि पुढच्या वेळी तिखट न्यायला डबा आणू नका, कापडी पिशवी आणा. नसली तर आमच्याकडे मिळते, 2 किलोच्या वर कांडप असलं तर फुकट.