मनोरुग्णांसाठी परिचर्या नियोजन

मानसिक विकार असलेल्या रुग्णाच्या गरजा, त्याला असलेले धोके आणि त्याच्या अंगच्या क्षमता जाणून घेऊन, त्याला कोणती मदत केव्हा व कशी करायची याचा परिचारिकेने तयार केलेला लेखी आराखडा म्हणजे परिचर्या नियोजन. माहिती घेणे, परिचर्या-निदान, उद्दिष्टे, कृती आणि मूल्यमापन हे त्याचे टप्पे. वैद्यकीय निदानाने विकार ओळखला जातो, तर त्या विकारामुळे रुग्णाच्या रोजच्या जगण्यात काय बिघडले हे परिचर्या-निदानात नोंदवले जाते. म्हणूनच स्किझोफ्रेनिया या, भास व भ्रम होणाऱ्या, तीव्र मानसिक विकाराच्या दोन रुग्णांचे आराखडे पूर्णपणे वेगळे असू शकतात : एक जण अन्नात विष घातल्याच्या संशयाने उपाशी राहतो, तर दुसरा अंघोळ करत नाही आणि कोणाशी बोलतही नाही.

अमेरिकी परिचारिका हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्यालाच परिचर्येच्या केंद्रस्थानी ठेवले. आराखड्यातील प्रत्येक कृती या नात्यातील विश्वासावरच अवलंबून असते. कानांत आवाज येत असल्याचे सांगणाऱ्या रुग्णाशी वाद घालू नये, तसेच त्याच्या हो ला हो ही करू नये. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरला आहात हे मला दिसते आहे’ असे सांगून, तो आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम देतो का, हे स्पष्टपणे विचारावे.

तीव्र नैराश्यात आत्महत्येचा धोका सर्वांत आधी विचारात घ्यावा लागतो. याविषयी थेट विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे न विचारणे अतिशय घातक ठरते. जवळून देखरेख, धारदार वस्तू व पट्टे काढून घेणे, गोळी खरोखर गिळली की साठवून ठेवली याची खात्री करणे, या गोष्टी आराखड्यात येतात. औषधांचा पुरेसा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्या काळात मन सावरण्याआधी अंगात बळ येऊ शकते, त्यामुळे रुग्ण हिंडू-फिरू लागला म्हणून देखरेख सैल करू नये.

लिथियम हे मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आटोक्यात ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत पाणी व मीठ यांचे प्रमाण एकसारखे राखणे, औषधाची रक्तातील पातळी वेळोवेळी तपासणे आणि उलट्या, जुलाब, हातांची वाढती थरथर किंवा तोल जाणे दिसताच पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवणे आवश्यक असते.

उद्दिष्ट मोजता येईल असे लिहावे. ‘रुग्णाला बरे वाटेल’ यापेक्षा ‘तीन दिवसांत रुग्ण रोज दोन वेळा पुरेसे जेवू लागेल’ हे तपासता येते, आणि ते साधले नाही तर कृती बदलता येते. घरी सोडताना झोप उडणे, औषध टाळणे यांसारखी विकार उलटण्याची लक्षणे रुग्णाला आणि, त्याच्या संमतीने, कुटुंबीयांना समजावून दिली जातात.