डांबरगोळीचा वास येणारी माती

मागच्या महिन्यात एका मित्रानं विचारलं, कोल्हापूरच्या कडेला जुन्या लाकडाच्या कारखान्याची जागा एन.ए. होऊन प्लॉट पडलेत, दोन गुंठे घेऊ का, माती टेस्ट झालीय आणि रिपोर्ट क्लीन आहे म्हणतायत. मी म्हटलं रिपोर्ट ऱ्हाऊ दे, माती कुठनं उचलली ते सांग. ते त्याला माहीत नव्हतं आणि रिपोर्टातपण नव्हतं. नंतर कळलं की चार कोपऱ्यांतनं एकेक खोरं माती घेऊन घमेल्यात मिसळली आणि त्यातली पिशवीभर लॅबला दिली. शेतात खताचा डोस काढायला असंच करतात आणि तिथं ते बरोबरच आहे, पण इथं एका कोपऱ्यात विष मुरलेलं असेल तर ते बाकी तीन चांगल्या कोपऱ्यांत पातळ होऊन कागदावरनं गायबच होणार ना.

आता लाकडाच्या कारखान्यात विष कुठलं आलं? नुसती कटिंग मिल असेल तर भुसा आणि सांडलेलं ऑइल-डिझेल, बास. प्लायवूडच्या गोंदातल्या फॉर्माल्डिहाइडला लोक घाबरतात कारण डोळे झोंबतात, पण ते उडून जातं, जिवाणू खातात, मातीत वर्षानुवर्षं बसत नाही. खरी भानगड वाळवी लागू नये म्हणून खांब आणि रेल्वे स्लीपरना जे पाजायचे त्याची. एक म्हणजे क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबरातनं निघणारं काळं तेल. दुसरं सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण, आणि हे काढलं आपल्याच देशात, 1933 साली देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या सोंती कामेसम यांनी. लाकूड टिकवायला एक नंबर, जगभर वापरलं गेलं, पण आर्सेनिकमुळं 2003 च्या शेवटी अमेरिकेत घरगुती लाकडासाठी ते बंद केलं.

हे औषध बंद टाकीत प्रेशरनं लाकडात घुसवायचे आणि मग ओला खांब बाहेर काढून निथळत ठेवायचे. ती निथळायची जागा सापडली की अर्धं काम झालं. ती नकाशात सहसा मिळत नाही, जुन्या मिस्त्रीला चहा पाजला की मिळते. दुसरी जागा राखेच्या ढिगाची, कारण ट्रीट केलेले तुकडे बंबात जाळले तरी आर्सेनिक जळून संपत नाही, बरंचसं राखेत उतरतं.

मग हँड ऑगर, म्हणजे टी-हँडलचं गिरमिट, हातानं फिरवत खाली जायचं आणि दर वितीला निघालेली माती वेगळी ठेवायची. वरची माती काळीभोर, निर्दोष दिसते, आणि दोन-तीन फुटांवर एकदम कपाटातल्या डांबरगोळीचा वास येतो. तो वास नॅप्थालीनचा, क्रिओसोटमधे ते असतंच, आणि डांबरगोळीला डांबरगोळी म्हणतात तेही त्याच्याचमुळं. (मुद्दाम नाक लावून हुंगू नका हां.) अशी माती काचेच्या बरणीत, बर्फात ठेवून लॅबला न्यायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि पुढचं भोक पाडायच्या आधी गिरमिट धुवायचं.

वितीवितीनं बघायचं कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पहिल्या पावसात वरचं सगळं त्यातनं थेट मुरमात उतरतं, नंतर माती फुगून भेग मिटते आणि वरनं काही पत्ता लागत नाही. क्रिओसोट पाण्यापेक्षा जड, त्यामुळं ते विहिरीच्या पाण्यावर तरंगत नाही, तळाला कातळावर जाऊन बसतं आणि कातळाच्या फटींतनं पुढं सरकतं.

लॅबचे आकडे आले तरी लगेच ओरडायचं नाही. आपला दगड बेसॉल्ट, त्यात किलोला शंभरावर मिलिग्रॅम तांबं निसर्गतःच असतं, क्रोमियमही बरंच. म्हणून कारखान्याचा संबंध नाही अशा, पण त्याच जातीच्या मातीच्या शेजारच्या रानातनंपण सॅम्पल घ्यायचं आणि त्याच्याशी ताडून बघायचं. आर्सेनिक मात्र बेसॉल्टात जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम असतं, त्यामुळं तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक तिघं एकाच ठिकाणी चढलेले दिसले तर चोर सापडला समजा. क्रोमियम नुसतं टोटल मागू नका, सहा नंबरचं (हेक्झाव्हॅलंट, म्हणजे क्रोमियम-6) वेगळं मागा, घातक ते.

आणि भुसा. त्याला कोण विचारत नाही, पण कुजणारा भुसा मातीतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, मग लोखंडाच्या गंजाला चिकटून गप बसलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. पंचगंगेचं पाणी 2019 आणि 2021 ला कुठवर आलं ते आपण बघितलंय, अशी जागा आठवडाभर पाण्याखाली राहिली तरी तीच गत. प्यायच्या पाण्यात लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या वर आर्सेनिक चालत नाही, त्यामुळं शेजारच्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय रिपोर्ट पुरा म्हणायचाच नाही. मातीचं आर्सेनिक मात्र पोटात जातं ते जास्त करून खेळणाऱ्या पोरांच्या हातातनं.

परवा मित्राचा फोन आला. जुना मिस्त्री सापडला, त्यानं निथळायची जागा बोट करून दाखवली. लेआउटमधे तिथं चिल्ड्रन पार्क दाखवलंय.