सतत पडणारं अंतराळ स्थानक

२०२५ च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते, तेव्हा आमच्या घरी त्यांचे व्हिडिओ आवर्जून बघितले जात. पाण्याचा गोळा हवेत तरंगताना दिसला की कुणीतरी म्हणायचंच, ‘तिथे गुरुत्वाकर्षणच नाही ना!’ मला हे वाक्य मनापासून खटकतं, कारण त्यामागे एक फार देखणी गोष्ट झाकली जाते.

जमिनीवर सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद एवढा वाढतो. हेच गुरुत्व त्वरण. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. पण अंतर मोजायचं ते पृथ्वीच्या केंद्रापासून, म्हणजे ६,३७१ चे ६,७७१ किलोमीटर झाले, एवढंच. व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश उरते) लावला की तिथलं त्वरण येतं ८.६८. तेवढा उंच मनोरा बांधून वर वजनकाटा ठेवला, तर इथे ६० किलो भरणारा माणूस तिथे ५३ किलो भरेल. तरंगणार मुळीच नाही.

जत्रेतला पाळणा वरून खाली झेपावतो तेव्हा पोटात गोळा येतो. आपल्याला वजन जाणवतं ते बैठकीच्या रेट्यामुळे, आणि बैठकच खाली निघाली की रेटा कमी होतो. स्थानक आणि आतली माणसं एकाच त्वरणाने पडत असतात, त्यामुळे कुणी कुणाला रेटतच नाही.

मग स्थानक जमिनीवर आदळत का नाही? हा माझा सगळ्यात लाडका हिशेब. पहिल्या सेकंदात खाली पडण्याचा वेग शून्यापासून ८.६८ वर जातो, म्हणजे सरासरी त्याच्या निम्मी. म्हणून वस्तू एका सेकंदात ४.३४ मीटर पडते. आडवा वेग कितीही असला तरी या आकड्यात फरक पडत नाही. स्थानक सेकंदाला ७.६७ किलोमीटर आडवं जातं. आता एक सरळ आडवी रेघ मनात ओढा. ७.६७ किलोमीटर पुढे गेल्यावर ६,७७१ त्रिज्येचं वर्तुळ त्या रेघेच्या किती खाली गेलेलं असेल? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट: ५८.८ भागिले १३,५४२. उत्तर ०.००४३४ किलोमीटर, म्हणजे ४.३४ मीटर! स्थानक जेवढं पडतं तेवढीच खालची पृथ्वीही वळलेली असते, म्हणून उंची तीच राहते. दर सेकंदाला हेच, आणि साधारण ९२ मिनिटांत एक फेरी.

अमुक ग्रहांच्या युतीमुळे ठरावीक मिनिटाला आपलं वजन कमी होईल, असे निरोप मधूनमधून फिरतात. गुरू ग्रह सगळ्यात जवळ असतानाही त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या तीन कोटींतला एक भाग असते. असे निरोप पुढे पाठवू नका.

यानाला परत आणताना इंजिन उलट दिशेने पेटवून वेग सेकंदाला जेमतेम शंभरेक मीटरने घटवतात. पडणं तेवढंच राहतं, पण आडवी मजल कमी झाल्यामुळे पृथ्वी तेवढी वळत नाही. यान हळूहळू खाली येत वातावरणात शिरतं, आणि उरलेला वेग हवा खाऊन टाकते.