बुलडॉगची खाज आणि ताटातला संशयित

पंजे चाटून चाटून बोटांमधले पांढरे केस तांबूस झालेले, कानात तपकिरी मळ आणि आंबूस वास, शेपटीच्या मुळाशी ओली लाल कातडी. बुलडॉग असलेल्या घरांत हे इतकं नेहमीचं असतं की अनेकांना तो या जातीचा स्वभावच वाटतो. मग कुणीतरी सांगतं, "चिकन बंद करा, लॅम्बचं खाणं आणा." पिशवी बदलते, खाज थोडी उतरते, महिन्याभरात परत येते, आणि तिसरी पिशवी घरात येते. यात वर्ष सहज निघून जातं आणि कुत्रा ते वर्षभर खाजवत राहतो. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याचं योग्य खाणं लेबल वाचून सापडत नाही. ते किमान ८ आठवड्यांच्या शिस्तीच्या चाचणीने शोधावं लागतं, आणि ही चाचणी घरच्या स्वयंपाकघरात नीट करता येते.

आधी खाजेचं मूळ ताटात असण्याची शक्यता किती, ते पाहू. खाजणाऱ्या कुत्र्यांपैकी कितींना अन्नाची ॲलर्जी असते याच्या वेगवेगळ्या पाहण्यांत ९ ते ४० टक्के असे आकडे आले आहेत. म्हणजे बहुतेकांचं कारण दुसरंच असतं. इंग्लिश असो वा फ्रेंच, बुलडॉगमध्ये धुळीतले सूक्ष्म कोळी, परागकण, बुरशी यांची ॲलर्जी, म्हणजे ॲटोपी, मुळातच जास्त आढळते. पिसवांची ॲलर्जी वेगळी. डेमोडेक्स नावाच्या किडीमुळे होणारी खरूज वेगळी. शिवाय तोंडावरच्या आणि शेपटीखालच्या घड्यांत लाळ, ओल साचून जिवाणू आणि मॅलेसेझिया हे यीस्ट वाढतं. ताट कितीही बदललं तरी घडीतली ओल जात नाही. ती रोज पुसून कोरडीच करावी लागते.

अन्नाकडे बोट दाखवणाऱ्या काही खुणा मात्र आहेत. खाज बाराही महिने असते, ऋतू बदलला तरी हटत नाही. पुष्कळदा ती कुत्रा वर्षाचा होण्याआधीच सुरू होते. कान आणि गुदद्वाराभोवतीची जागा जास्त सोसते. काहींना जोडीला दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी, शीत आव किंवा अधूनमधून उलटी असते. गॅसवरून मात्र निष्कर्ष काढू नका. आखूड नाकाचा बुलडॉग खाताना खूप हवा गिळतो, त्यामुळे निरोगी बुलडॉगलाही गॅस होतात. दूध प्यायल्यावर फक्त पातळ शी होत असेल, तर ते बहुधा लॅक्टोज न पचण्याचं लक्षण आहे. प्रतिकारशक्तीचा त्यात संबंध नाही.

ॲलर्जीत शरीर अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजतं. त्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेली आयजीई नावाची प्रतिपिंडं मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींवर, बसलेली असतात. प्रथिनाच्या एकाच तुकड्याने शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम धरलं की पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडते. कुत्र्यांमध्ये याशिवाय टी-पेशींची (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची) संथ प्रतिक्रियाही असते, त्यामुळे खाज खाल्ल्यानंतर काही दिवसांनी उमटू शकते. "काल काय खाल्लं होतं?" हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. आणखी एक गोष्ट मालकांना पटायला जड जाते: ॲलर्जी आधी ओळख झालेल्या प्रथिनाचीच होते. "हा तर दोन वर्षं हेच खातोय, काही झालं नाही," असं ज्या पदार्थाबद्दल म्हटलं जातं, तोच पहिला संशयित.

रक्त, लाळ किंवा केस पाठवून 'फूड ॲलर्जी पॅनेल' करून घेण्याचा मोह होतो. यावर पैसे खर्च करू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केस-लाळेच्या अशाच चाचणीसाठी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्याचे कृत्रिम केस आणि निव्वळ सलाइनही पाठवलं होतं. त्यांचेही 'ॲलर्जी'चे निकाल आले. रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचण्याही अन्नाच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत.

राहते ती वगळण्याची चाचणी. कुत्र्याने जन्मात न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा आणि ८ आठवडे फक्त तेवढंच द्यायचं. आठच आठवडे का? अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांची लक्षणं पाचव्या आठवड्यापर्यंत ओसरतात, ९० टक्क्यांहून जास्त जणांची आठव्यापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही.

प्रथिन निवडताना परदेशी याद्या जशाच्या तशा उचलू नयेत. २०१६ साली २९७ ॲलर्जिक कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असं चित्र दिसलं. त्या नोंदी बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या होत्या. महाराष्ट्रातल्या घरात कुत्र्याला गोमांस क्वचितच मिळतं. रोज मिळतं ते चिकन-भात, दूध-पोळी, दही, अंडं, ग्लुकोज बिस्किट. म्हणून इथे संशयाची सुई चिकन, दूध, गहू आणि अंड्याकडे आधी वळायला हवी. रोजच्या पिशवीवर पुढे 'लॅम्ब' लिहिलेलं असलं, तरी मागचं बारीक अक्षर वाचा. चिकन मील (चिकनची सुकवलेली पूड) आणि गहू त्यात वारंवार सापडतात.

नातलग प्रथिनांचंही भान हवं. चिकन चालत नसलेल्याला बदक किंवा लाव्हा देणं ही चाचणी होत नाही. गाय, म्हैस, बकरी, मेंढी जवळच्या कुळातल्या, त्यामुळे रोज दूध पिणाऱ्या कुत्र्याला बोकडाचं मटण 'नवीन' म्हणता येत नाही. चिकन आणि मासे यांच्या काही प्रथिनांतही साम्य आढळलं आहे, त्यामुळे बांगडाही पहिली पसंती नाही. मुंबई, पुणे, गोवा या भागांत मिळणारं बिनचरबीचं डुकराचं मांस बहुतेक बुलडॉगनी कधी चाखलेलं नसतं, म्हणून ते सर्वांत सोयीचं. घरात ते चालत नसेल तर ससा, तोही नसेल तर पुढे सांगितलेलं विघटित प्रथिनांचं खाणं.

पिष्टमय पदार्थासाठी उपवासाच्या फळीकडे वळा. तांदळाची ॲलर्जी क्वचित असते, पण कुत्रा रोज भात खात असेल तर तोही वगळलेला बरा. रताळं, साबुदाणा, राजगिरा, वरी यातलं कुत्र्याने काय खाल्लेलं नाही ते पाहायचं. साबुदाणा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे, प्रथिन नगण्य, म्हणून चाचणीसाठी उत्तम.

आता प्रमाण. कुत्र्याच्या वजनाला (किलोत) त्याच संख्येने दोनदा गुणा, आलेल्या उत्तराचं वर्गमूळ दोनदा काढा आणि ७० ने गुणा. २२ किलोच्या बुलडॉगला साधारण ७११ किलोकॅलरी येतात. नसबंदी झालेल्या, फार न हलणाऱ्या बुलडॉगसाठी याला १.३ ते १.४ ने गुणलं की रोजची गरज मिळते: ९२५ ते ९९५. त्यासाठी रोज ३०० ग्रॅम कच्चं, हाडाविना, चरबी काढलेलं डुकराचं मांस, ५०० ग्रॅम रताळं, २ चहाचे चमचे रिफाइंड सूर्यफूल किंवा करडई तेल, चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ आणि ३ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, बिनचवीचं. मांस आतून जराही गुलाबी राहता कामा नये. डुकराच्या मांसातल्या परजीवींचा धोका खरा आहे. कुकरमध्ये शिजवा, वर आलेली चरबी काढून टाका. फोडणी, मसाला नाही. कांदा-लसूण तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. रताळ्याने शी सैल झाली तर ते २५० ग्रॅमवर आणा आणि ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा शिजवून त्याची भरपाई करा. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा आणि दर आठवड्याला वजन घ्या.

कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड अनेक जण सुचवतात. चाचणीत ती नको, कारण टरफलाच्या आतल्या पडद्यात अंड्याचं प्रथिन असतं. आणि हे खाणं परिपूर्ण नाही: जस्त, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व यात कमी पडतात. प्रौढ कुत्रा ८ आठवडे हे निभावतो, पण वर्षाखालच्या पिल्लाला ही पाककृती देऊ नका. त्याची हाडं याच काळात घडत असतात.

पिल्लांसाठी आणि वेळ नसलेल्या घरांसाठी पशुवैद्यकांमार्फत मिळणारं हायड्रोलाइज्ड, म्हणजे विघटित प्रथिनांचं खाणं असतं. यात सोया, मासा किंवा चिकनचं यकृत यांतल्या प्रथिनांचे एन्झाइमने इतके लहान तुकडे केलेले असतात की एका तुकड्याला दोन प्रतिपिंडं एकदम धरता येत नाहीत. तुकडे सगळ्या उत्पादनांत सारखे बारीक नसतात, त्यामुळे चिकनची ॲलर्जी असलेल्या काही कुत्र्यांना विघटित चिकनचाही त्रास होतो. मूळ प्रथिन कुत्र्याने न खाल्लेलंच निवडा. दुकानातली 'मर्यादित घटक' किंवा 'ग्रेन-फ्री' पिशवी याला पर्याय होत नाही. अशा पिशव्यांच्या तपासण्यांत लेबलवर नसलेली प्रथिनं अनेकदा सापडली आहेत. कारखान्यात आधीच्या घाण्याचे अवशेष यंत्रात राहतात. ग्रेन-फ्रीबाबत आणखी एक काळजी: वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या अशा खाण्याचा हृदयाचे स्नायू कमजोर होण्याशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली सुरू केली.

चाचणी सुरू करण्याआधी त्वचेचा संसर्ग आटोक्यात आणा. चिकटपट्टीने नमुना घेऊन डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू आणि यीस्ट पाहतात, खरवडून डेमोडेक्स शोधतात. हे उपचार न करता ताट बदललं तर अन्न अचूक असूनही खाज जात नाही, आणि अचूक अन्न नापास ठरतं. पिसवांसाठी मानेवर टाकायचं औषध घ्या. चघळायच्या गोळ्यांत बहुतेकदा मांसाची चव किंवा प्रथिन असतं. खाज असह्य असेल तर पहिले दोन-तीन आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने खाज थांबवणारी गोळी द्यायला हरकत नाही, पण शेवटचे दोन आठवडे ती बंद हवी, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. नवं खाणं ५ ते ७ दिवसांत हळूहळू वाढवत आणा.

मग खरी कसोटी लागते ती घरातल्या माणसांची. आजी प्रेमाने पोळीचा तुकडा देते, गोळी पेढ्यात घालून दिली जाते, सोसायटीचा वॉचमन बिस्किट देतो, फिरताना भटक्या कुत्र्यांसाठी टाकलेला दूध-भात एका घासात गायब होतो. रताळ्यावर सोडलेल्या तुपातही दुधाच्या प्रथिनाचा अंश असू शकतो. चघळायचं चामड्याचं हाड, चवीची टूथपेस्ट, जिलेटिनची कॅप्सूल, मांजराच्या वाटीतला उरलेला घास, सगळं मोजायचं. गोळी द्यायची असेल तर त्याच रताळ्यात दाबून द्या. बक्षीस म्हणून त्याच मांसाचे तुकडे तव्यावर कोरडे भाजून ठेवा. फ्रिजवर कागद लावा आणि चुकून काही गेलं तर तारखेसह लिहा. लपवण्यापेक्षा लिहिलेलं बरं, कारण पुढे खाज उसळली तर तिचा माग लागतो.

त्याच कागदावर दर रविवारी खाजेला ० ते १० गुण द्या: ० म्हणजे खाज नाही, १० म्हणजे झोपेतून उठून खाजवणं. शक्यतो एकाच माणसाने द्यावेत. ८ आठवड्यांत गुण निम्म्यावर आले तर अन्नाचा हात असण्याची शक्यता भक्कम.

तरी शिक्कामोर्तब अजून नाही. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणच्या दमट हवेत यीस्ट फोफावतं आणि खाज वाढते. सप्टेंबरमध्ये सुरू केलेली चाचणी नोव्हेंबरमध्ये यशस्वी दिसते, पण श्रेय कोरड्या हवेचंही असू शकतं. म्हणून जुनं खाणं जसंच्या तसं परत देऊन पाहावं लागतं. मालक इथेच सर्वांत जास्त कचरतात, ते समजण्यासारखं आहे, पण ही पायरी गाळली तर निदान होत नाही. अन्न कारण असेल तर निम्म्या कुत्र्यांची खाज पाचव्या दिवसापर्यंत आणि ९० टक्क्यांची चौदाव्या दिवसापर्यंत उसळते. उसळली की लगेच चाचणीच्या खाण्यावर परत या आणि त्वचा शांत होईपर्यंत थांबा.

त्यानंतर एकेक पदार्थ, प्रत्येकी दोन आठवडे: आधी उकडलेलं चिकन रोज ५० ग्रॅम, मग एक पोळी, मग उकडलेलं अंडं, मग अर्धी वाटी दही. पोळीला तूप नको, नाहीतर गहू आणि दूध यांची सरमिसळ होते. खाज आली की तो पदार्थ बंद, त्वचा निवळली की पुढचा. याला तीन-चार महिने लागतात, पण शेवटी हातात त्या एका कुत्र्याची खरी यादी येते. अनेकांच्या बाबतीत ती एक-दोन पदार्थांचीच असते आणि बाकीचं सगळं पुन्हा खाता येतं. त्या यादीला धरून परिपूर्ण तयार खाणं निवडा, किंवा घरीच शिजवायचं असेल तर पशु-आहारतज्ज्ञाकडून खनिज-जीवनसत्त्वांसह पाककृती बसवून घ्या. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नका. वाढलेलं वजन बुलडॉगच्या श्वासावर येतं आणि घड्याही खोल करतं.

शिस्तीने ८ आठवडे केले आणि गुण जागचे हलले नाहीत, तर घरच्या नेहमीच्या खाण्यावर परत जा आणि ॲटोपीच्या उपचारांकडे वळा. त्वचेत टोचून केलेल्या किंवा रक्ताच्या ॲलर्जी-चाचण्यांचा खरा उपयोग इथे आहे: धुळीतले कोळी की परागकण, हे पाहून त्यानुसार इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराला त्या गोष्टीची हळूहळू सवय लावणारी, इंजेक्शनं किंवा थेंब तयार करता येतात. त्यांचा परिणाम जोखायला वर्षभर द्यावं लागतं, आणि तोवर खाजेची औषधं, आठवड्याला क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शाम्पूची अंघोळ आणि रोज घड्या कोरड्या करणं चालू ठेवावं लागतं.